हात वगळून हात गरम ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

उद्देश

गुलमर्गला जाणारा मराठी प्रवासी थंडीच्या बाबतीत अगदीच अननुभवी नसतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी तो दर हिवाळ्यात वाचतो, आणि पुण्याचा पारा दहाच्या खाली गेला की कपाटाच्या वरच्या फळीवरचा स्वेटरही खाली उतरवतो. या पूर्वतयारीवर तो तंगमर्गला पोचतो, तिथे भाड्याने लांब कोट आणि गमबूट घेतो, आणि मग त्याचं सगळं लक्ष हातमोज्यांवर एकवटतं. जाड आहेत ना, आत लोकर आहे ना, पाणी झिरपणार नाही ना, दोन जोड घेतले तर किती कमी करणार. तासाभराने हाच प्रवासी नवशिक्यांच्या उतारावर काखेत हात खुपसून उभा असतो, स्कीच्या काठ्या बर्फात आडव्या पडलेल्या असतात, आणि हातमोजेवाल्याने फसवलं यावर सगळ्या ग्रुपचं एकमत झालेलं असतं. प्रस्तुत मार्गदर्शनाचा पहिला उद्देश हातमोजेवाल्याची निर्दोष मुक्तता करणं हा आहे. फसवणूक झाली आहे हे खरं, पण ती प्रवाशाच्या स्वतःच्या शरीराने केली आहे, आणि तीही त्याच्याच भल्यासाठी. आमचं प्रतिपादन थोडक्यात असं: स्कीइंग करताना हात गरम ठेवायचे असतील तर हातांकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी छाती, पोट, मान, डोकं, मनगट आणि खाण्याचा डबा यांचा बंदोबस्त करावा. हातमोज्यांचा विषय त्यानंतर निघाला तर चर्चेला हरकत नाही.

सिद्धान्त

शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं पाहिजे, ही अट मेंदू, हृदय, यकृत अशा आतल्या मंडळींसाठी आहे. बोटांना अशी कोणतीही हमी दिलेली नाही. ती वीस अंशांवर गेली, दहावर गेली, तरी माणूस जिवंत राहतो, फक्त चिडतो. ही व्यवस्था समजायला वैद्यकशास्त्र शिकावं लागत नाही. कालव्याच्या टेलला शेती असलेल्या कोणालाही विचारावं. धरण भरलेलं असतं तेव्हा टेलपर्यंत पाणी जातं आणि सगळेच आनंदात असतात. धरणाची पातळी खाली जायला लागली, किंवा नुसती खाली जाईल अशी शंका आली, की पहिली कपात टेलला होते. टेलच्या शेतकऱ्याने आपली चारी कितीही साफ केली, तिला सिमेंटचं अस्तर लावलं, तरी वरून पाणीच सुटलं नाही तर त्या अस्तराचं काय करायचं? हातमोजा म्हणजे हेच अस्तर. तो आलेली ऊब राखतो, ऊब तयार करत नाही. आणि ऊब येते ती रक्ताबरोबर, वरून.

बोटं स्वतःपुरती थोडी तरी ऊब तयार करतील, ही आशाही सोडून द्यावी. उष्णता मुख्यतः स्नायू तयार करतात आणि बोटांत हालचालीचे स्नायूच नाहीत. खात्री करायची असेल तर उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा भाग पकडून डाव्या हाताची बोटं भराभर हलवावी. वळवळ बोटांत दिसते, पण कातडीखाली काम चाललेलं जाणवतं ते कोपराजवळ. बोटांत येतात त्या नुसत्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध. त्यात बोटं बारीक आणि लांबोळकी, म्हणजे मांस थोडं आणि उघडा पृष्ठभाग भरपूर. शिवाय बोटांच्या टोकांशी धमन्यांना आणि शिरांना थेट जोडणारे खास जोडमार्ग असतात. उन्हाळ्यात ते उघडतात आणि जादा उष्णता बाहेर टाकतात. थंडीत मज्जासंस्थेचा हुकूम येताच बंद होतात. थोडक्यात, स्वतःचं उत्पन्न नाही, खर्च मोठा आणि पुरवठा दुसऱ्याच्या मर्जीवर. टेलची याहून नेमकी व्याख्या पाटबंधारे खात्यालाही करता येणार नाही.

तरीही शरीर अगदीच निर्दय नाही, ते अधूनमधून आवर्तन सोडतं. लंडनचे हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी १९३० साली नोंदवलं की बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर आधी ते गारठतं, दुखतं, पण काही मिनिटांनी त्यातल्या रक्तवाहिन्या आपणहून उघडतात, बोट थोडं गरम होतं, पुन्हा गारठतं, पुन्हा गरम होतं. मात्र या पाळीपाळीच्या कृपेलाही अट आहे: शरीराचा गाभा उबदार असेल तर आवर्तन भरघोस सुटतं, गाभाच थंडावला असेल तर नावापुरतं सुटतं किंवा सुटतच नाही. म्हणजे इथेही प्रश्न धरणाचाच.

यावर सर्वांत सज्जड पुरावा कॅनडातून येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही माणसांना उणे १५ अंशांच्या हवेत तीन तास बसवलं. एका खेपेला त्यांच्या हातांत आर्क्टिक प्रदेशात वापरतात तसले जाडजूड मोजे होते. दुसऱ्या खेपेला हात उघडे होते, पण छातीपोटाला कृत्रिम ऊब दिली होती. बाकीचं अंग दोन्ही वेळा नीट झाकलेलं. बोटं जास्त गरम राहिली ती दुसऱ्या खेपेला, म्हणजे उघड्या हातांची. प्रयोगात माणसं सहाच होती, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण हातमोज्यांच्या दुकानासमोर सुनावलेला निकालही सहसा सहाच जणांच्या ग्रुपचा असतो, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही बोटाला तापमापी लावलेली नसते.

साहित्य

आता धरण भरायला घ्यावं. गुलमर्गचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने, खाली उणे पाच असेल तर वर उणे तेराच्या आसपास अपेक्षा ठेवावी. त्यात वाऱ्याची भर, आणि स्कीइंग करणारा माणूस स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. वाऱ्याने जाणवणाऱ्या थंडीचं जे सूत्र कॅनडा आणि अमेरिकेने २००१ साली स्वीकारलं, त्यानुसार उणे १० अंश आणि ताशी ४० किलोमीटर वारा म्हणजे उणे २१ अंशांचा प्रत्यय. नवशिक्याचा वेग इतका नसतो, हे मान्य. त्याच्या बाबतीत धोका उलट दिशेने येतो. तो वेगाने जात नाही म्हणून वारा कमी, पण तो हलतही नाही म्हणून ऊबही कमी. त्याचा बराचसा वेळ रांगेत उभं राहण्यात, पडण्यात, पडून राहण्यात आणि उठण्याबद्दल प्रशिक्षकाशी चर्चा करण्यात जातो.

म्हणून अंगाला भिडलेला पहिला थर महत्त्वाचा. इथे सुती बनियनला, वर्षानुवर्षांच्या सेवेबद्दल आभार मानून, हॉटेलच्या खोलीतच ठेवावं. सूत घाम शोषून घेतं आणि ओलं राहतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट जलद उष्णता वाहून नेतं. लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल आत, मधे हवा धरून ठेवणारा जाड थर, बाहेर वारा अडवणारं जाकीट. भाड्याचा लांब कोट फोटोसाठी उत्तम, पण खालून वारा घेतो आणि स्कीवर पायांत येतो. त्यानंतर कानटोपी. डोक्यावाटे शरीराची निम्मी उष्णता जाते, ही पूर्वापार चालत आलेली गोष्ट खरी नाही. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या साधारण दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरीही कानटोपीचा आग्रह धरणाऱ्या तमाम मातांनी हिरमुसू नये. थंडी वाजली की बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, पण टाळूच्या तशा आकसत नाहीत. म्हणजे टेलचं पाणी तोडलेलं असतानाही ही गळती चालूच राहते, आणि दुष्काळात गळती बुजवणं हे पहिलं काम. मानेला मफलर किंवा बंद गळपट्टा, त्याचंही कारण हेच.

मनगट ही या सगळ्यातली सर्वांत दुर्लक्षित जागा. डॉक्टर नाडी बघतात ती इथे, कारण धमनी इथे कातडीच्या अगदी जवळून जाते. जाकिटाची बाही आणि मोज्याची कड यांच्यात दोन बोटांची फट राहिली, तर बोटांकडे निघालेलं रक्त वाटेतच गारठतं. मोज्याची कड लांब हवी आणि ती बाहीच्या आत किंवा बाहेर नीट बसायला हवी. आता, आणि आत्ताच, मोज्यांकडे यावं. पाच बोटांच्या मोज्यापेक्षा मिटन घ्यावा, ज्यात अंगठा वेगळा असतो आणि उरलेली चार बोटं एकत्र नांदतात. बोट जितकं बारीक तितका त्याला वेगवेगळं गुंडाळण्याचा फायदा कमी, कारण जाडी वाढवली की उष्णता सोडणारा बाहेरचा पृष्ठभागही वाढतो. मिटनमध्ये चेन लावता येत नाही, नाक पुसता येत नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्यासाठी आत एक पातळ मोजा घालावा. नाकाचा प्रश्न मात्र उणे तापमानात कोणत्याच मोज्याने सुटलेला नाही.

आणि डबा. कहव्याचा वाफाळता पेला ओठांना लागला की सगळं अंग तापल्यासारखं वाटतं, पण हिशेब करून बघावा. ६० अंशांचा १५० मिलीलीटर कहवा ३७ अंशांपर्यंत निवताना शरीराला जेमतेम साडेतीन किलोकॅलरी उष्णता देतो. साठ किलोच्या माणसाचं तापमान त्याने एका अंशाच्या चौदाव्या भागाइतकं वाढतं. त्याच कहव्यात दोन चमचे साखर घातली तर ती पस्तीसेक किलोकॅलरी देते, म्हणजे पेयाच्या उष्णतेच्या दहापट. चहा गोडमिट्टच हवा, या हट्टाला अखेर विज्ञानाचा आधार मिळाला आहे. त्याहून उत्तम तिळगुळाचा लाडू. वीस ग्रॅमच्या एका लाडवात नव्वद-शंभर किलोकॅलरी असतात, तो गोठला तरी खाता येतो, आणि २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ज्यांना काश्मिरात चिल्लई कलान म्हणतात, त्यांच्या मधेच संक्रांत येत असल्यामुळे तो सामानात असतोच. मात्र तो हॉटेलवर परत आल्यावर खाण्यासाठी नसून उतारावर जाण्याआधी आणि मधल्या वेळेत खाण्यासाठी आहे.

कृती

बाहेर पडताना हात गरम असले पाहिजेत. गार हात मोज्यात घातला तर मोजा तो गारवा प्रामाणिकपणे राखतो. बुखारीजवळ, म्हणजे खोलीतल्या शेगडीजवळ, बसून आधी अंग तापवावं, मोजेही उबदार करावे, आणि मगच दार उघडावं. उतारावर पोचल्यावर मोजे काढू नयेत. हा नियम सर्वांना मान्य असतो आणि पहिल्या दहा मिनिटांत सर्व जण तो मोडतात, कारण फोटो. मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, पण त्याआधी ती निदान चार सेल्फी काढून घेते, आणि त्या अवधीत मोजा बर्फावर ठेवलेला असतो. बर्फावर ठेवलेल्या मोज्यात बर्फ जातो, तो हाताच्या उबेने वितळतो, मोजा ओला होतो, आणि पुढचा सगळा दिवस त्या चार फोटोंच्या वसुलीत जातो. मोजा काढावाच लागला तर तो जाकिटाच्या आत, छातीशी ठेवावा. मनगटात अडकवायची दोरी असलेला मोजा मिळाला तर घ्यावाच; गोंडोलाच्या पुढे खुर्च्यांच्या लिफ्टमधून खाली पडलेला मोजा ही परत न येणारी देणगी असते.

काठ्या घट्ट धरू नयेत. नवशिका मूठ आवळतो, कारण त्याला वाटतं की काठी धरली म्हणजे आपण पडणार नाही. या समजाला प्रत्यक्षात कोणताही आधार नाही, पण आवळलेल्या मुठीत आधीच तुटपुंजं आलेलं रक्त आणखी अडतं, हे मात्र खरं. थांबण्याच्या वेळी मूठ सैल सोडावी, काठ्या बाजूला ठेवाव्या आणि सरळ हात खांद्यापासून जोरात गोल फिरवावा. त्या वेगाने रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. हा उपाय खरोखर गुणकारी आहे. काठ्या आधी बाजूला ठेवण्याची सूचना शेजारच्या माणसाच्या हितासाठी आहे. पण त्याहूनही चांगला उपाय म्हणजे स्की काढून उतार थोडा पायी चढणं. मांड्यांचे मोठे स्नायू कामाला लागले की धरणात पाण्याचा येवा सुरू होतो, आणि पाच-सात मिनिटांत बोटांना त्याची बातमी पोचते.

शंकासमाधान

पहिली शंका: मोज्यात ठेवायच्या तापणाऱ्या पुड्या मिळतात, त्या असताना एवढा खटाटोप कशाला? या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, मीठ आणि कोळशाच्या जोडीने ती हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून गंजते आणि गंजताना तापते. युक्ती सुरेख आहे. पण पुडी तळहातात ठेवली तर काठीखाली दबते, मोजा घट्ट असेल तर हवेअभावी मंदावते, आणि थेट कातडीला लागली तर पोळते. हे टँकरचं पाणी आहे. टेलला टँकर पाठवावा, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण टँकर आला म्हणून धरण भरलं असं कोणी समजत नाही. वापरायचीच तर ती वेळेआधी उघडावी, आणि पातळ मोज्यावरून मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवावी.

दुसरी शंका: काश्मिरी माणूस शतकानुशतकं कांगडीवर हिवाळा काढतो, मग आपण का नाही? ही शंका विरोधी वाटते, पण ती आमच्याच बाजूची साक्ष आहे. निखारे भरलेलं मातीचं भांडं विलोच्या काड्यांच्या विणकामात बसवून तो फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या, आत धरतो, पोटाशी, आणि हातही बाहीतून आत ओढून घेतो. म्हणजे आधी धरण, मग टेल. कॅनडाच्या प्रयोगाला जे कळायला १९९८ साल उजाडावं लागलं, ते फेरनवाल्याला आधीच ठाऊक होतं. तरी स्कीवर कांगडी नेऊ नये. दोन हातांत दोन काठ्या असतात, आणि पडणं हा या खेळाचा अपवाद नसून अभ्यासक्रम आहे. शिवाय कांगडीची धग वर्षानुवर्षं मांड्या आणि पोटाला लागून होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच केली होती.

तिसरी शंका बहुधा संध्याकाळी आणि हळू आवाजात विचारली जाते: एक घोट रम घेतली तर? रमने हात गरम वाटतात, यात खोटं काही नाही. मद्याने कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात, गाभ्यातलं गरम रक्त बाहेर येतं आणि तिथून ऊब हवेत जाते. निम्म्या धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले तर टेलचा शेतकरीही एक दिवस जलपूजन करील; प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. सिगारेटचं उलटं. निकोटीनने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, म्हणजे उरलंसुरलं पाणीही बंद. चौथी शंका अशी की एवढे थर घातले तर घाम येईल. येईल, आणि तो या पद्धतीचा खरा शत्रू आहे. चढताना मधला थर उघडावा, थांबताना बंद करावा. ही कटकट करायची नसेल त्याने गोंडोलाच्या बंद डब्यातच बसून राहावं. तिथे हात उत्तम गरम राहतात.

खबरदारी

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला. बोट दुखतंय तोवर रक्त पोचतंय असं समजावं. दुखणं थांबलं, बोट बधिर झालं आणि मेणासारखं पांढरं दिसू लागलं, तर ताबडतोब आत जावं. हिमदंश झालेल्या बोटावर बर्फ चोळण्याचा सल्ला नेपोलियनच्या सैन्यातले शल्यवैद्य लॅरी यांनी रशियाच्या मोहिमेनंतर दिला होता, कारण बधिर हात शेकोटीवर धरून सैनिक भाजून घेताना त्यांनी पाहिले होते. निरीक्षण बरोबर, उपाय चुकीचा. चोळल्याने गोठलेलं मांस आणखी फाटतं. आज सांगतात ते असं: बोट पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच ते ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे अंगाइतक्याच कोमट पाण्यात ठेवावं, शेकोटी आणि बुखारीपासून दूर राहावं आणि डॉक्टरला गाठावं. आणि ज्याची बोटं पुण्याच्या डिसेंबरातही आधी पांढरी, मग निळी पडतात, त्याला कदाचित मॉरिस रेनॉ यांनी १८६२ साली वर्णन केलेला विकार असेल. त्याने गुलमर्गचं तिकीट काढण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

निष्कर्ष

हे सगळं वाचून एक शेवटचा आक्षेप उरतो: हातांबद्दलच्या लेखात हात इतके कमी का? त्याचं उत्तर कॅनडाच्या त्याच प्रयोगात आहे. छातीपोट तापवलं तेव्हा हातांबरोबर पायांची बोटंही जास्त गरम राहिली, आणि त्यासाठी पायांना वेगळी ऊब कोणी दिली नव्हती. हातमोजेवाल्याकडून हा परिणाम कितीही घासाघीस केली तरी मिळत नाही. सबब पायांची बोटं गरम ठेवण्याबद्दल स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केलं जाणार नाही. इच्छुकांनी वरील मजकुरात ‘हात’ असेल तिथे ‘पाय’ वाचावं, ‘हातमोजे’ असेल तिथे ‘पायमोजे’ वाचावं, आणि गोल फिरवण्याची सूचना तेवढी वगळावी.